नाव नसेल तर खडू नाही

आमच्या चारकोपच्या सेक्टरात कोपऱ्यावरच्या बागेच्या भिंतीला एक फळा आहे. चार फूट बाय तीन फूट, वर उन्हापावसासाठी पत्र्याची पट्टी. रोज सकाळी सात वाजता ॲनेट टीचर तिथे येतात, ओल्या फडक्याने फळा पुसतात, तो वाळेपर्यंत बाकावर बसतात आणि मग लिहायला घेतात. अक्षर असं की नुसतं बघत राहावं. महापालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरीच्या पोरांचे हात धरून 'अ' गिरवून घेतला, त्याचा तो परिणाम.

ॲनेट परेरा इथल्याच. जुन्या गावठाणातलं त्यांचं माहेर. बापाची भाताची खाचरं होती, आई टोपलीतून सुकी मासळी विकायला जायची. लग्नानंतर नवरा कार्ल साबणाच्या कारखान्यात होता, तेव्हा सेक्टरात ही खोली घेतली. कार्ल आठ वर्षांपूर्वी गेले. मुलगी फ्लेविया वसईला असते. टीचर रोज पहाटे गावठाणातल्या क्रुसाजवळ मेणबत्ती लावून येतात आणि मग फळ्याकडे वळतात. वय अडुसष्ट, चष्मा जाड, आवाज अजून वर्गातला.

हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. पूर्वी फळा धोंडिराम लिहायचा. धोंडिराम म्हणजे आमचा पंपवाला, भला माणूस, पण चौथीनंतर शाळेशी संबंध नाही. एके दिवशी त्याने लिहिलं, 'उध्या पानी येनार नाय.' टीचर भाजी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली, बोट ओलं करून 'ध्या'चा 'द्या' केला, 'नी'चा 'णी' आणि 'ना'चा 'णा' केला. धोंडिराम मागे उभा होता.

"बाई, तुमीच ल्हा की," तो म्हणाला आणि खडूचा डबा त्यांच्या हातात देऊन मोकळा झाला.

पहिली दोन वर्षं पाणी, वीज, वारलेल्यांची नावं एवढंच चालायचं. मग एकदा विद्याधर कारखानीस त्यांच्याकडे चिठ्ठी घेऊन आले. विद्याधरराव म्हणजे आमच्या बी विंगमधले. विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, देव न मानणारे आणि ते दर दहा मिनिटांनी सांगणारे. त्यांना लिफ्टबद्दल काही म्हणायचं होतं. टीचरनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "खाली नाव कुठंय?"

"नाव कशाला? मुद्दा बघा ना."

"नाव नसेल तर खडू नाही," टीचर म्हणाल्या.

त्यांनी नाव घातलं. तिथून तो फळा सगळ्यांचा झाला. कोणीही यावं, दोन-चार ओळी द्याव्यात, टीचर लिहिणार. मत कोणाचं का असेना, अक्षर त्यांचं. त्या फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारायच्या. स्वतःचं मत त्या लिहायच्या नाहीत आणि आलेलं मत आवडलं नाही म्हणून परतही पाठवायच्या नाहीत. एकदाच मी त्यांना अडवताना पाहिलं. एका गृहस्थांनी लिहून आणलं होतं की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घरातून मासळीचा वास येतो.

"वासाबद्दल लिहायचंय की बाईंबद्दल?" टीचरनी विचारलं.

गृहस्थ म्हणाले, "वासाबद्दल."

"मग मजला कशाला पाहिजे?"

मजला गेला. मग नुसत्या वासाबद्दल लिहिण्यात त्यांना काही गंमत वाटेना, म्हणून चिठ्ठी घेऊन तेही गेले.

मी नंदकिशोर तळवणेकर, सोसायटीचा सेक्रेटरी. हे सगळं मी कौतुकाने सांगतोय खरं, पण दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी काय केलं तेही सांगायला हवं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि नंतर सत्यनारायणाची पूजा, ही आमची जुनी पद्धत. त्या वर्षी पूजेला आमच्याच सोसायटीतल्या जयंतीताई आणि त्यांचे यजमान बसणार होते. जयंतीताईंनी नव्या सुनेला, गार्गीला, हाताशी धरून आठवडाभर तयारी चालवली होती. मीही आदल्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली होती. त्या पंचवीस तारखेला सकाळी नऊला खाली उतरलो तर फळ्यावर हे:

'आपल्या गच्चीवरची टाकी चार महिने गळते आहे. सत्यनारायणाने ती थांबणार नाही. पूजेआधी प्लंबर बोलवा. — विद्याधर कारखानीस, बी विंग.'

मी वाचून हसलो. टाकी खरंच गळत होती, आणि ती दुरुस्त करून घेणं माझंच काम होतं. पण साडेबारापर्यंत हसू पार मावळलं. कोणीतरी फळ्याचा फोटो काढला होता, खालची नावाची ओळ कापली होती आणि वर लिहिलं होतं, 'चारकोपमध्ये ख्रिश्चन बाई आपल्या पूजेची टिंगल करते. बघा आणि पुढे पाठवा.' तो फोटो मला माझ्या मालाडच्या मावसभावाकडून आला, म्हणजे किती फिरला असेल बघा. फोन सुरू झाले. एकाने तर ओळख न देताच सांगितलं, "संध्याकाळी येतोय आम्ही."

माझी तंतरली. खरं ते सांगतो. टीचरच्या दारी गेलो, तर त्या भातावर सार घेऊन जेवायला बसत होत्या. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून तो बराच वेळ पाहिला.

"माझा 'ळ' वाकडा आलाय," त्या म्हणाल्या.

"टीचर, मस्करी नको. फळा पुसून टाका. आत्ताच्या आत्ता."

"वाक्य विद्याधररावांचं आहे. त्यांनी सांगितलं तर पुसते. नाहीतर उद्या सकाळी सातला पुसणारच आहे की."

"उद्यापर्यंत वाट लागेल!"

"नंदू," त्या म्हणाल्या, "लिहिताना मलाही बरं नाही वाटलं. जयंतीची पूजा आहे ती. पण मला बरं वाटेल तेवढंच लिहायचं ठरवलं ना, तर मग तो माझा फळा झाला. जेवतोस का?"

मी जेवलो नाही. खाली आलो. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बागेच्या नळाखाली रुमाल भिजवला आणि फळा पुसून काढला. वरपासून खालपर्यंत. मग घरी जाऊन पंखा लावून पडलो आणि स्वतःला सांगितलं की मी एका म्हाताऱ्या बाईला वाचवलं.

चार वाजता खिडकीतून पाहिलं तर टीचर फळ्यापुढे स्टुलावर उभ्या होत्या. धोंडिरामने स्टूल धरलं होतं. सकाळचा मजकूर त्या शब्दन्‌शब्द पुन्हा लिहीत होत्या आणि विद्याधररावांचं नाव या वेळी दुप्पट मोठं काढत होत्या. खाली एक नवी ओळ आली:

'हा मजकूर दुपारी कोणीतरी पुसला. पुसणाऱ्याने नाव द्यावं. — ॲनेट परेरा.'

जिना उतरून त्यांच्याजवळ गेलो. टीचरनी वळूनही पाहिलं नाही.

"ज्याने कोणी पुसलं ना, त्याने विचार नाही केला," त्या खडू झाडत म्हणाल्या. "बाहेर फिरतोय तो नाव कापलेला फोटो. नावासकट असलेली एकच गोष्ट होती, हा फळा. तोच कोरा झाला तर उरलं काय? मी आणि माझं अक्षर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भीतीपोटी मी त्यांच्या बाजूने असलेला एकमेव पुरावा ओल्या रुमालाने पुसून टाकला होता.

तोवर विद्याधररावांपर्यंत बातमी पोचली होती. ते लुंगीवरच खाली आले. पूजा, धर्म, फोटो कशाचंच त्यांना काही नव्हतं. "माझं नाव कापलं?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "वाक्य माझं आणि नाव कापतात? चोर साले!" मग वर जाऊन पँट घालून आले, सोबत प्लास्टिकची खुर्ची आणली आणि फळ्याखाली बसले.

साडेपाचला चार तरुण आले. दुसऱ्या सेक्टरातले, दोन बाइकवर. त्यातल्या पुढच्याने फोन काढून फोटो दाखवला. "हे कोणी लिहिलं?"

"मी," विद्याधरराव म्हणाले. "बसा. खुर्च्या मागवू?"

"पण हे तर बाईंनी..."

"अक्षर त्यांचं, डोकं माझं. हे बघा नाव. वाचता येतं ना? आता मला सांगा, पूजा केल्याने टाकी गळायची थांबते का? हो की नाही?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी भांडायची तयारी केली होती, वादविवादाची नव्हती. विद्याधररावांनी मात्र टाकीवरून सुरुवात करून पाण्याचे गुणधर्म, गंज कसा चढतो, ग्रहण कसं लागतं इथपर्यंत मजल मारली. त्यातल्या एकाने दोनदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात जयंतीताई आल्या. हातात फुलांची पिशवी, मागे गार्गी.

"काय झालं रे?" त्यांनी पोरांना विचारलं.

"काकू, आम्ही तुमच्यासाठीच आलोय. ही बाई तुमच्या पूजेला..."

"पूजा माझी आहे ना? मग वाईट वाटायचं तर मला वाटेल. तुम्हाला मी कधी सांगितलं की माझ्या वतीने रागवा म्हणून? उद्या अकराला या, दर्शन घ्या, प्रसाद घ्या. या बाईंशी आवाज चढवून बोलायचं नाही. माझ्या मुलाला, श्रेयसला, यांनी लिहायला शिकवलंय."

पोरं गेली. एकाने जाताना विद्याधररावांशी हातसुद्धा मिळवला.

मग जयंतीताई टीचरकडे वळल्या आणि त्यांचा स्वर बदलला. "पण टीचर, मला लागलं. तुमच्या हाताने ते लिहिलेलं बघून लागलं. ह्या विद्याधररावांचं काय, ते बोलतातच."

"माहीत आहे गं," टीचर म्हणाल्या. "सकाळी तुझ्या दारापर्यंत आले होते सांगायला. आत आरतीची तालीम चालू होती, तशीच मागे फिरले. चुकलंच माझं, आत यायला हवं होतं. आता तू बोल. उद्याचा फळा तुझा. कितीही लिही, मी लिहिते."

दोघी बाकावर बसल्या. जयंतीताईंनी आधी बरंच लांबलचक सांगितलं, त्यात श्रद्धा होती, संस्कृती होती, सासूबाई होत्या. टीचर कागदावर उतरवत होत्या. मग जयंतीताईंनीच एकेक ओळ काढायला सांगितली. मी जवळच घुटमळत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "टीचर, माझ्याही दोन ओळी आहेत."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव घालणार?"

"घालतो."

सव्वीस जानेवारीच्या सकाळी झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं आणि सगळे फळ्यापुढे जमले. वर होतं:

'प्लंबर बोलावला आहे. तो अकरा वाजता येईल. पूजाही अकरा वाजता होईल. दोन्हीची आपल्याला गरज आहे. सर्वांनी यावे, न मानणाऱ्यांनीही. — जयंती.'

आणि खाली:

'काल फळा मी पुसला. भीती वाटली म्हणून. — नंदकिशोर तळवणेकर, सेक्रेटरी.'

मी 'भिती' असं लिहून दिलं होतं. टीचरनी दीर्घ केलं. भीती लेखी का होईना, बरोबर लिहिली गेली. लोक हसले. दोघातिघांनी पाठीवर थापा मारल्या आणि माझ्या बायकोने तर सगळ्यांदेखत सांगितलं, "तरीच म्हटलं, रुमाल पांढराफटक कसा झाला!"

प्लंबर म्हणजे धम्मपाल, मानखुर्दहून आला होता, सुट्टीच्या दिवशी, केवळ जयंतीताईंच्या शब्दाखातर. खाली कथा चालू होती आणि वर गच्चीवर त्याची ठोकाठोक. गुरुजी मध्येच थांबून वर बघायचे. काम आटोपून तो खाली आला तेव्हा जयंतीताईंनी प्रसादाचा द्रोण पुढे केला. तो संकोचला. "ताई, मी बौद्ध आहे. प्रसाद घेत नाही. राग मानू नका."

"राग कसला त्यात?" जयंतीताई म्हणाल्या. "गार्गी, नैवेद्याआधी काढून ठेवलेलं ताट आण गं. पुरी-भाजी आहे, साधं जेवण. ते चालेल ना?" त्यांनी आधीच विचार करून ठेवला होता. धम्मपाल मांडी घालून पोटभर जेवला.

विद्याधरराव पूजेला आले नाहीत. जयंतीताईंनी त्यांच्या घरी डबा पाठवला. दोन दिवसांनी फळ्यावर आलं, 'टाकी गळायची थांबली. श्रेय धम्मपालला. शिरा उत्तम होता. शिऱ्याच्या अस्तित्वाबद्दल माझा वाद नाही. — विद्याधर कारखानीस.' त्याच्याखाली जयंतीताईंची एकच ओळ होती, 'डबा परत करावा.'

इथपर्यंत सगळी गंमत झाली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये जे झालं, त्यामुळे मला टीचर खऱ्या कळल्या.

दहावीच्या परीक्षा सुरू होत्या. गावठाणातल्या क्रुसाजवळ पोरांच्या आया मेणबत्त्या लावायच्या, त्यात सगळ्या धर्मांच्या असायच्या. विद्याधररावांनी ते पाहिलं आणि चिठ्ठी आणली. मी त्या वेळी बाकावर पेपर वाचत होतो. टीचरनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा हात थांबला. नेहमी वाचता वाचता त्या पेन्सिलने चुका सुधारतात, त्या दिवशी पेन्सिल हललीच नाही.

"काही चुकलं का?" विद्याधररावांनी विचारलं.

"नाही. शुद्ध आहे," त्या म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

'क्रुसापुढे मेणबत्ती लावून कोणी पास होत नाही. दगडाला मेण वाहण्यापेक्षा मुलांना तास दोन तास जास्त शिकवा. — विद्याधर कारखानीस.'

एकेक अक्षर नेहमीसारखंच गोल, टपोरं. फक्त वेळ जास्त लागला. 'दगडाला' या शब्दाशी त्या थांबल्या, खडू बदलला आणि तो शब्द पुरा केला. कार्लच्या आजारपणात त्या रोज दोनदा त्या क्रुसाजवळ जायच्या, हे मला माहीत होतं. विद्याधररावांनाही माहीत असायला हवं होतं, पण त्यांच्या मनात त्या वेळी फक्त मुद्दा होता.

मला राहवलं नाही. ते गेल्यावर म्हणालो, "टीचर, हे नसतं लिहिलं तरी चाललं असतं. तुमच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं."

"जयंतीच्या वेळी लिहिलं आणि माझ्या वेळी नाही लिहिलं, तर जयंतीला काय तोंड दाखवू?"

मग त्या तिथेच घोटाळत राहिल्या. खडूचा डबा मिटला, परत उघडला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःबद्दल फळ्यावर ओळ लिहिली:

'मी रोज मेणबत्ती लावते. पास होण्यासाठी नाही. — ॲनेट परेरा.'

दिवसभर लोक ती ओळ वाचून हळू आवाजात बोलत होते. संध्याकाळी विद्याधरराव दूध आणायला निघाले, तेव्हा त्यांनी ती पाहिली. दूध आणायचं राहिलं. रिकामी पिशवी घेऊन ते थेट टीचरच्या दारी गेले. मीही मागोमाग गेलो, कारण मला वाटलं आता काहीतरी होणार.

"मग कशासाठी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"आत या. चहा टाकते," टीचर म्हणाल्या.

चहा झाला. टीचर म्हणाल्या, "कार्लला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा माझ्या हाताला कामच नव्हतं. डॉक्टर सगळं करायचे, नर्स करायच्या. मी नुसती बसलेली. क्रुसाजवळ वारा असतो, काडी विझते. मग हाताचा आडोसा करून ती मेणबत्ती पेटवायला पाच मिनिटं लागायची. ती पाच मिनिटं मी कार्लसाठी काहीतरी करत होते. तो वाचला नाही. पण ती पाच मिनिटं माझी आहेत. अजून आहेत."

विद्याधररावांनी कप खाली ठेवला. "हे मला विज्ञानाने पटत नाही," ते म्हणाले.

"पटवून घ्या असं कुठं म्हटलं? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

"'दगडाला' हा शब्द जरा जास्त झाला."

"झाला. पण पुसायचा नाही हं आता. शब्द तुमचा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांची चिठ्ठी आली. मत तेच होतं, एका इंचानेही हललं नव्हतं. फक्त शेवटी एक वाक्य वाढलं होतं: 'कालच्या मजकुरातला एक शब्द अनावश्यक कडू होता, तो मी मागे घेतो; बाकीचं मागे घेत नाही.' टीचरना हे फार आवडलं. अर्धविराम नेमका जागेवर आहे म्हणाल्या.

गेल्या महिन्यात टीचर आठ दिवस फ्लेवियाकडे वसईला गेल्या होत्या. फळा कोरा राहिला. धोंडिरामने लिहायला नकार दिला, मी एकदा प्रयत्न केला तर ओळ चढ चढत पत्र्याला जाऊन टेकली. सोमवारी सकाळी टीचर परत आल्या तेव्हा बाकाजवळ रांग होती. पहिले विद्याधरराव, दुसऱ्या जयंतीताई. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे.

विषय कुत्र्यांचा होता. कोणीतरी बागेत कुत्र्यांना खायला घालायला बंदी करा म्हणत होतं. टीचरनी विद्याधररावांची चिठ्ठी वाचली, मग जयंतीताईंची. मग पुन्हा पहिली वाचली आणि हसायला लागल्या.

"अहो, दोघांचं मत एकच आहे की! कुत्र्यांना खाऊ घालू द्यावं. शब्दसुद्धा जवळपास तेच. एकदाच लिहिते, खाली दोन नावं घालते."

"छे छे!" विद्याधरराव म्हणाले. "माझं कारण वेगळं आहे."

"माझं तर पूर्ण वेगळं आहे," जयंतीताई म्हणाल्या. "वेगवेगळं लिहा, टीचर. मध्ये रेघ ओढा."

टीचरनी फळ्याच्या मधोमध सरळ उभी रेघ ओढली आणि डाव्या बाजूने लिहायला सुरुवात केली.